जिंतूरवाले

परभणीच्या कृषी महाविद्यालयात १९९१ साली आम्ही प्रवेश घेतला तेव्हा वर्गात एकाच नावाचे तिघं होते. हजेरीला गोंधळ व्हायचा, म्हणून एक झाला वसमतवाला, दुसरा गंगाखेडवाला आणि तिसरा जिंतूरवाला. बाकी दोघांची ही नावं पुढं कुणाच्या लक्षात राहिली नाहीत. ह्याचं मात्र चिकटलं ते चिकटलंच. आम्ही मोजक्या मुली त्याला ‘जिंतूरवाले’ अशी हाक मारायचो आणि तो आम्हाला सरसकट ‘ताई’ म्हणायचा. वर्गातल्या मुलांशी अरे-तुरे करायची तेव्हा परभणीत रीत नव्हती, त्यामुळं तोंडावर मी त्याला कायम अहो-जाहोच केलं. पण वर्गमित्र तो वर्गमित्रच, म्हणून इथं ‘तो’ असंच लिहिते. खरं नाव लिहीत नाही. घरच्यांना विचारल्याशिवाय ते लिहिणं मला बरं वाटत नाही.

गेल्या मे महिन्यात तो गेला. रात्री जेवून ओट्यावर बसला होता, छातीत कळ आली, गाडीत घालून परभणीला आणेपर्यंत सगळं संपलं होतं. वयाची त्रेपन्न वर्षंही पुरी नव्हती. बॅचच्या ग्रुपवर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ची रांग लागली, दोन दिवसांनी कुणीतरी मुलाच्या साखरपुड्याचे फोटो टाकले आणि सगळे तिकडं वळले. मला ते लागलं. हात जोडल्याचं चिन्ह टाकून मोकळं व्हावं असा तो माणूस नव्हता.

आमचे रोल नंबर पाठोपाठचे, त्यामुळं प्रॅक्टिकलची जोडी चारही वर्षं तीच राहिली. मी शहरात वाढलेली. शेताशी संबंध म्हणजे सुट्टीत मामाच्या गावी जाऊन हुरडा खाणं, एवढाच. पहिल्या वर्षी प्रत्येकाला पीक घ्यायला जमिनीचा एकेक तुकडा दिला होता. माझ्या तुकड्यात लव्हाळा माजला होता आणि मी तो वरच्यावर खुरपून काढत होते. तो शेजारच्या तुकड्यात होता. थोडा वेळ बघत राहिला, मग येऊन म्हणाला, ‘ताई, वर दिसतंय ते कापून काय उपयोग? त्याचं घर खाली हाय.’ त्यानं खुरपं तिरकं घालून हलक्या हातानं माती सैल केली आणि एक लव्हाळा न तुटता वर ओढला. खाली दोऱ्यासारख्या मुळाला एकामागं एक काळ्या गाठी लटकत होत्या. एकेक गाठ चिमटीत धरून दाखवली आणि म्हणाला, ‘ह्यातली एक ऱ्हायली तरी परत येतंय.’ पुस्तकात लव्हाळ्याच्या गाठींबद्दल अर्धं पान होतं. ते वाचायची मला पुन्हा गरज पडली नाही.

शिक्षण सगळं इंग्रजीतून. खेड्यातून आलेल्या मुलांचं पहिलं वर्ष त्यातच जायचं. ह्यानं वेगळाच मार्ग काढला होता. वहीत इंग्रजी शब्द देवनागरीत लिहायचा आणि पुढं आपल्या भाषेत त्याचा अर्थ. ‘मॉन्टमोरिलोनाइट’पुढं लिहिलं होतं, ‘फुगणारी चिकणमाती, आपल्या दाराची चौकट हलवणारी.’ मी विचारलं, चौकटीचा काय संबंध? तर म्हणाला, ‘आमचं घर काळीवर हाय. पावसाळ्यात माती फुगली की दार बसत न्हाई, उन्हाळ्यात भेगा पडल्या की कडी लागत न्हाई.’

मृदशास्त्राच्या प्रॅक्टिकलला विद्यापीठाच्या फार्मवर पुरुषभर खोल खड्डा घेतलेला असायचा, मातीचे थर बघायला. बाकीचे काठावर उभे राहून आकृती काढायचे. हा चपला काठावर ठेवून खाली उतरायचा. मातीचं ढेकूळ घ्यायचा, बाटलीतलं पाणी घालून मळायचा आणि अंगठ्यानं तर्जनीवर सरकवत तिची पट्टी पाडायचा. पट्टी जितकी लांब टिकेल तितकी चिकणमाती जास्त, ही पद्धत सरांनी सांगितली होती. पण त्याच्या बोटांतून ती अशी निघायची की सर आम्हाला म्हणायचे, इकडं बघा रे.

कीटकशास्त्राला किड्यांचा संग्रह करावा लागायचा. थर्माकोलच्या पेटीत टाचणीनं टोचून, खाली नावाची चिठ्ठी. मला किड्याला हात लावणं जमायचं नाही. वळवाचा पहिला जोराचा पाऊस झाला की संध्याकाळी हुमणीचे, म्हणजे पिकांची मुळं खाणाऱ्या अळीचे, भुंगेरे जमिनीतून निघून कडुनिंबावर आणि बाभळीवर बसतात, पाला खातात. होस्टेलची मुलं रात्री फांद्या हलवून ते पाडायची. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर एका बाटलीत निवडून ठेवलेले भुंगेरे आणि दोन पतंग असायचे, पंख न मोडलेले. पुढं त्यानं हेच गावात केलं. भुंगेरा मारला म्हणजे पन्नास-साठ अंडी घालणारी मादीच गेली, हे गावातल्या पोरांना सांगून पहिल्या पावसानंतरच्या रात्री बत्त्या घेऊन कडुनिंबाखाली उभं करायचा. रॉकेलमिश्रित पाण्याच्या बादल्या भरायच्या. पुढं पिकांवरच्या औषधांचं दुकान चालवणारा माणूस हे करत होता, हे लक्षात घ्या.

त्याचा डबा जिंतूरहून एसटीनं यायचा. ड्रायव्हर ओळखीचा. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, हिवाळ्यात बाजरीची भाकरी. डबा स्टँडवरून आणायला उशीर झाला तर पहिला तास बुडायचा, पण डबा बुडवायचा नाही. माय पहाटे उठून करते, म्हणायचा. त्या धपाट्यांतला अर्धा वाटा प्रॅक्टिकलच्या टेबलावर जायचा.

३० सप्टेंबर १९९३. गणपती बसवलेल्यांनी आदल्या दिवशी विसर्जन केलं होतं, लोक दमून झोपले होते. पहाटे तीन छप्पनला किल्लारीचा भूकंप झाला. परभणीतही भांडी वाजली, आम्ही अंगणात आलो. दिवस उजाडल्यावर लातूर-उस्मानाबादकडच्या बातम्या येऊ लागल्या आणि मग काही सुचेना. होस्टेलची मुलं ट्रकमधून गेली, तो त्यांच्यात होता. आम्ही इथं भाकरी, कपडे, चादरी गोळा केल्या. परत आल्यावर तो काही बोलला नाही. त्याच्याबरोबर गेलेल्यांनी सांगितलं ते असं. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर माळवदाचं, म्हणजे मातीच्या धाब्याचं, ओझं, घरं जागच्या जागी बसली होती. सगळे ढिगारे उपसत होते. दुपारी ह्याच्या लक्षात आलं की गोठ्यात आणि रस्त्याकडेला जनावरं दाव्याला बांधलेली उभी आहेत, सोडणारं कुणी उरलेलं नाही. त्यानं दोन मुलं बरोबर घेतली आणि दावी कापत, पाणी पाजत, कडबा मिळेल तिथून ओढत फिरला. कुणीतरी चिडून म्हणालं, इथं माणसं दबलीत आणि तू बैल काय बघायलास? तर म्हणाला, ‘जो जगलाय त्याला उद्या बैल लागणार हाय.’ वीस-एकवीस वर्षांच्या मुलाला हे तिथं, त्या वासात आणि त्या रडारडीत सुचलं. मी तेव्हाही ह्याचा विचार करत राहिले आणि आजही करते.

पदवीनंतरचं थोडक्यात सांगते. स्पर्धा परीक्षा दिल्या, एकदा मुलाखतीपर्यंत गेला. मग वडिलांनी अंथरूण धरलं, घरची नऊ एकर कोरडवाहू बघायला कुणी नव्हतं. परत गेला. १९९८ साली तालुक्यातल्या एका बाजाराच्या गावी खतं, बियाणं, औषधांचं दुकान टाकलं. मी तोवर माती-पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागले होते. तिथून आमची गाठ पुन्हा पडली.

दुकान मी बऱ्याचदा पाहिलंय. एका खोलीचं, पत्र्याचं, पुढं कडुनिंब. छपरावर पर्जन्यमापक होतं, स्वतःच्या पैशानं घेतलेलं. रोज सकाळी साडेआठला शिडी लावून वर चढायचा, नळीतलं पाणी मोजायचा आणि वहीत लिहायचा. मग बाहेरच्या काळ्या फळ्यावर खडूनं: ‘मृग लागल्यापासून पाऊस ३८ मिमी. पेरणी नको.’ आमच्या विद्यापीठाची शिफारस सगळ्यांना पाठ आहे, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय खरिपाची पेरणी करू नये. पाठ असणं वेगळं आणि आभाळ भरून आलेलं असताना, शेजाऱ्याची तिफण चाललेली असताना थांबणं वेगळं. एका सरीनं वरची चार बोटं भिजतात, बी उगवतं, मग पंधरा दिवसांची उघडीप पडते आणि कोंब करपतात. दुबार पेरणी म्हणजे बियाण्याचे पैसे दुसऱ्यांदा, आणि ते बहुतेक वेळा व्याजाचे. हे त्यानं लहानपणी स्वतःच्या घरात बघितलं होतं.

आता विचार करा. जूनचे ते पंधरा दिवस म्हणजे अशा दुकानाची वर्षाची कमाई. त्याच दिवसांत हा माणूस स्वतःच्या दारावर ‘पेरणी नको’ लिहायचा. गिऱ्हाईक फळा वाचून पलीकडच्या दुकानात जाऊन पिशवी उचलायचं. वहिनी एकदा माझ्यासमोरच म्हणाल्या, ‘ह्यांनी दुकान मांडलंय का शाळा, तेच मला कळंना.’ तो हसला नाही. शांतपणे म्हणाला, ‘दुबारला तो माझ्याच दारात उधार मागायला येणार हाय. तवा मी कोणत्या तोंडानं देऊ?’

सोयाबीनचंही तसंच. सोयाबीन स्वपरागसिंचित, म्हणजे स्वतःच्याच परागानं फळणारं; सरळ, संकरित नसलेल्या वाणाचं बी घरचं दोन-तीन वर्षं चालतं. दरवर्षी पिशवी घ्यायची गरज नसते. बी विकणाऱ्यानं हे सांगायचं नसतं. हा सांगायचा. उन्हाळ्यात शेतकऱ्यांना बसवून दाखवायचा: न निवडता शंभर दाणे घ्या, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडा, गुंडाळी करून सावलीत ठेवा, पाणी शिंपडत राहा, आठवड्यानं उलगडा. सत्तरच्या वर चांगले कोंब आले तर एकरी तीस किलो पेरा, कमी आले तर बी वाढवा, फारच कमी आले तर ते खायला ठेवा. आणि पोती आपटू नका, सोयाबीनचं टरफल पातळ असतं.

२०२० सालची गोष्ट अनेकांना आठवत असेल. आदल्या वर्षी ऑक्टोबरात काढणीच्या वेळीच पाऊस लागून राहिला, सोयाबीन शेतात भिजलं. त्यातलंच पुढं बियाणं म्हणून आलं. मराठवाड्यात कितीतरी शेतांत ते उगवलंच नाही. तक्रारी इतक्या झाल्या की उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. त्या उन्हाळ्यात मी त्याच्या दुकानी गेले होते. भिंतीला ओल्या गोणपाटाच्या गुंडाळ्या उभ्या लावलेल्या, प्रत्येकीला सुतळीनं चिठ्ठी, चिठ्ठीवर पिशवीचा लॉट नंबर. विकायला आलेला प्रत्येक लॉट त्यानं आधी स्वतः उगवून बघितला होता. एक गुंडाळी माझ्यासमोर उलगडली. वास आंबूस. निम्मे दाणे बुळबुळीत झालेले, काहींना कोंब फुटून तिथंच काळा पडलेला. त्यानं बोटानं एकेक बाजूला सारत मोजले आणि कागदावर ४४ लिहिलं. तो लॉट परत पाठवला. पुरवठा करणाऱ्यांशी भांडण झालं, पुढच्या वर्षी मालही कमी मिळाला. पण त्या गावाच्या पंचक्रोशीत त्याच्याकडून नेलेलं बी फसलं नाही. हे मी त्याच्या तोंडून ऐकलेलं नाही, त्या भागातल्या शेतकऱ्यांनी प्रयोगशाळेत येऊन मला सांगितलंय.

प्रयोगशाळेत त्याचे नमुने आले की शिपाईसुद्धा ओळखायचा. जुन्या धोतराच्या शिवलेल्या पिशव्या, आत पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी. शाई ओलीनं पसरते, म्हणून पेन्सिल. गट नंबर, उतार, मागचं पीक, विहीर आहे की नाही, सगळं. बाकी लोकांच्या पिशव्यांत कधी बांधावरची माती असते, कधी उकिरड्याजवळची, कधी घराकडं येताना वाटेत उचललेली. त्याच्या पिशवीतली माती म्हणजे शेतभर नागमोडी फिरून, इंग्रजी व्हीसारखे खड्डे घेऊन, वीतभर खोलीपर्यंत काढलेली, ढीग करून समोरासमोरचे दोन भाग टाकत टाकत अर्धा किलो उरवलेली. २०१५पासून मृदा आरोग्य पत्रिका सुरू झाल्या. त्यात कोरडवाहूला दहा हेक्टरमागं एक नमुना धरलेला होता. जिंतूरकडं डोंगर उतरतो तिथं दहा हेक्टरात वर मुरूम, मध्ये हलकी बरड आणि खाली ओढ्याकाठी चांगली काळी, असं तिन्ही सापडतं. हा तिन्हींचे वेगळे नमुने आणायचा आणि काउंटरवर ठेवून म्हणायचा, ‘मॅडम, हे तिघं भाऊ हायत, पण स्वभाव येगळा.’ चारचौघांत मी मॅडम, बाहेर चहाच्या गाड्यावर पुन्हा ताई.

आपल्याकडच्या जमिनीत नत्र कमी, स्फुरद (फॉस्फरस) कमी, पालाश (पोटॅश) भरपूर, जस्त आणि लोह अनेकदा अपुरं, सामू म्हणजे पीएच आठच्या वर. हे निकाल मी रोज टाइप करते. तो मात्र प्रत्येक कागद घेऊन त्या माणसाच्या बांधावर जायचा. एकदा एकाला मोसंबीची बाग लावायची होती. फळबागेसाठी थराथरानं नमुने लागतात, पहिला फूट, दुसरा, तिसरा. तिसऱ्या फुटाच्या मातीवर मी सौम्य आम्लाचे थेंब टाकले आणि ती फसफसून वर आली, पांढरा फेस टेबलभर. चुनखडी फार. तो वाकून बघत होता. म्हणाला, ‘वरून तर सोन्यासारखी दिसती.’ मुळं तिथं पोचली की लोह मिळणार नाही, पानं पिवळी पडणार, हे त्यानं त्या माणसाला सांगितलं. त्यानं ऐकलं नाही, रोपं दुसरीकडून आणून लावली. तीन-चार वर्षांनी पानं पिवळी पडली तेव्हा पहिला फोन ह्यालाच. हा गेला, लोहासाठी फेरस सल्फेटच्या फवारणीचं, शेणखताचं सांगितलं, अर्धा दिवस घालवला. ‘मी सांगितलं होतं’ हे वाक्य त्यानं उच्चारलं नाही. मला ते जमलं नसतं.

एप्रिलात शेवटचा आला. दोन्ही हातांत पिशव्या. जिना चढून आल्यावर बाकावर बसला तो बराच वेळ उठला नाही. कपाळावर घाम, आणि आमच्याकडं कूलर चालू होता. मी म्हटलं, जिंतूरवाले, आजच्या आज दाखवा, मी बरोबर येते. ‘पेरणी होऊ द्या ताई,’ म्हणाला. मला ह्या वाक्याचा राग आहे. माझे वडील लग्न होऊ द्या म्हणायचे, शेजारचे काका ऊस जाऊ द्या म्हणाले होते. पेरणी दरवर्षी होते. त्याला मी हे बोललेसुद्धा. त्यानं नमुन्यांची यादी पुढं केली.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात त्याच्या मुलीचा फोन आला. तीही बीएस्सी ॲग्री झालीय, आता दुकान ती बघते. ‘आत्या, ८१ झाला. फळ्यावर पेरा म्हणून लिहू का?’ मी म्हटलं, दोन-तीन रानांत खड्डा घेऊन ओल कुठवर गेलीय ते बघ आणि मग लिही. म्हणाली, बघितलं, काळीत वीतभर गेलीय, बरडाला अजून नाही. मग तसंच लिही, म्हटलं. तिनं फळ्याचे दोन भाग करून तसंच लिहिलं.

दुकानाची उधारी बरीच आहे. काहींनी दहाव्यालाच येऊन वहीवर सही करून हप्ता ठरवला. काही अजून फिरकले नाहीत, एकजण तर म्हणाला, व्यवहार त्यांच्याशी होता. ज्यांची उधारी आहे त्यांतले काहीजण हे वाचतील अशी माझी खात्री आहे. त्यांना मी सरळ सांगते, सोयाबीन निघालं की पैसे नेऊन द्या. त्यानं तुमच्या रानासाठी स्वतःची विक्री बुडवली आहे.

आणि बॅचवाल्यांनो, मुलीला वडिलांचे कॉलेजचे फोटो हवे आहेत. घरात एकच आहे, पदवीदानाचा, तोही वाळवी लागलेला. किल्लारीला गेलेल्या मुलांपैकी कुणाकडं तरी रीळ होता, मला आठवतंय. फार्मवरचे, सहलीचे, होस्टेलच्या गॅदरिंगचे, जे असतील ते काढा. मोबाईलवर पाठवलेत तरी चालेल, पण मूळ फोटोच्या मागं पेन्सिलीनं साल आणि सोबतच्यांची नावं लिहून ठेवा. पत्ता हवा असेल त्यांनी मला फोन करा.